करंगळीएवढ्या शिताची गोष्ट

"शितावरून भाताची परीक्षा करतात हे ऐकलं होतं, यांनी तर शितावरून आख्खं शेत उभं केलं!" डेनिसोव्हन मानवाची, म्हणजे आता नामशेष झालेल्या एका आदिमानव गटाची, अशी खिल्ली उडवणारा एक मजकूर व्हॉट्सॲपवर फिरत असतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: सायबेरियाच्या डेनिसोव्हा गुहेत 2008 साली करंगळीच्या हाडाचा तुकडा मिळाला आणि तेवढ्यावरून शास्त्रज्ञांनी नवी प्रजाती जाहीर केली, हाडाला बऱ्याच जणांचे हात लागलेले, त्यामुळे डीएनए आजच्याच कुणाचा तरी असणार, आणि कवटीचा तर पत्ताच नाही.

टोमणा झकास आहे. पण आधी भेसळीचं बघू, कारण तेवढी शंका रास्त आहे. 1994 साली डायनासोरचा म्हणून गाजलेला डीएनए माणसाचा निघाला होता. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निअँडरथलच्या (हाही आपला एक नामशेष झालेला आदिमानव नातलग) डीएनएतही पुढे आजच्या माणसाची भेसळ सापडली. दोन्ही वेळा चूक पकडली ती इतर शास्त्रज्ञांनीच. जुन्या डीएनएचे बारीक तुकडे पडलेले असतात, आणि तुकड्यांच्या टोकांशी डीएनएच्या चार अक्षरांपैकी 'सी' हे अक्षर झिजून 'टी' असं वाचलं जातं. काल-परवा कुणाच्या बोटांवरून आलेल्या डीएनएत ही झीज नसते.

बरं, समजा भेसळ आहेच. मग तो डीएनए आपल्यासारखा दिसायला हवा ना? मायटोकाँड्रियाच्या (पेशीतल्या एका घटकाचा, आईकडून येणारा छोटा डीएनए) साडेसोळा हजारांच्या आसपास अक्षरांत निअँडरथल आपल्याहून सरासरी 202 ठिकाणी वेगळा आहे. या करंगळीत फरक निघाला 385 ठिकाणी. दुधात पाणी घातल्यावर ते पातळ होतं, घट्ट नाही.

आता ते एकुलतं एक शीत. हाड एका मुलीचं होतं, पण तिच्या जनुकसंचात, म्हणजे सगळ्या डीएनएत, तिच्या हजारो पूर्वजांचे वाटे आहेत. 2012 साली तो संच सरासरी तीस वेळा वाचला गेला. त्याआधीच, 2010 मध्ये, त्या वंशाचा काही टक्के वाटा पापुआ न्यू गिनीच्या लोकांत सापडला होता. शीत खोटं असेल तर हजारो किलोमीटरवरच्या ताटात तोच तांदूळ कसा? शिवाय त्याच गुहेतून दाढाही मिळाल्या, आणि 2018 मध्ये हाडाच्या एका तुकड्यातून आई निअँडरथल नि बाप डेनिसोव्हन असलेली मुलगीच समोर आली.

नवी प्रजाती जाहीर केल्याची गोष्ट तर सरळ खोटी. 2010 च्या निबंधात शास्त्रीय नाव देणं मुद्दाम टाळलं होतं. डेनिसोव्हन हे नुसतं गुहेवरून पडलेलं नाव.

राहिली कवटी. 2010 मध्ये ती खरंच नव्हती. म्हणजे, ओळखलेली नव्हती. चीनमधल्या हार्बिनला 1933 साली पुलाच्या कामावर एका मजुराला एक भलीमोठी कवटी सापडली आणि त्याने ती विहिरीत लपवून ठेवली, असं त्याच्या घरचे सांगतात. 2018 मध्ये ती संशोधकांच्या हाती आली. 2021 मध्ये तिला 'होमो लाँगी' असं वेगळं नावही मिळालं. हाडातून डीएनए निघेना. 2025 मध्ये तो मिळाला तिच्या दाढेवर साचलेल्या कीटणातून, आणि जुळला डेनिसोव्हनांशी.