फॉर्मवर काकांनी लिहिलं : काही नाही

बाई गेली त्याला आज महिना झाला. माझ्या वडिलांची आई. आम्ही सगळी नातवंडं तिला बाईच म्हणायचो, आणि माझी लेकही पणजीबिणजी न म्हणता बाईच म्हणायची.

मृत्यूची नोंद करायला काका गेले तेव्हा मी सोबत होते. फॉर्मवर मयताचा व्यवसाय असा एक रकाना असतो. काकांनी क्षणभरही न थांबता लिहिलं, "काही नाही". त्यांना दोष देत नाही. कुणीही तेच लिहिलं असतं, आणि काका तर तिचे सगळ्यात लाडके. पण ते दोन शब्द मला महिनाभर झोपू देत नाहीयेत, म्हणून आज लिहायला बसले.

तिच्या जन्माची तारीख कुणालाच माहीत नव्हती. आधार कार्डावर १ जानेवारी आहे, तिच्या वयाच्या कितीतरी जणींच्या कार्डावर असते तशी. ती स्वतः हिशोब रझाकाराच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांच्या, काळापासून करायची. "तवा मी धा-अकरा वर्साची असंन." लातूर जिल्ह्यातल्या औशाजवळच्या तिच्या माहेरच्या गावातून बरीच घरं रातोरात बैलगाड्या जुंपून बार्शीकडं निघाली होती, कारण बार्शी निजामाच्या हद्दीबाहेर, मुंबई इलाख्यात. गाडीत तिच्या आईनं काय घेतलं? पीठ मळायची लाकडी काटवट, तवा आणि पिठाचं गठुडं. दागिने आधीच कुठंतरी पुरले होते, ते परत आल्यावर सापडले नाहीत. १७ सप्टेंबर १९४८ ला निजाम शरण आला, मग काही दिवसांनी ही माणसं परतली. घराची दारं जागेवर नव्हती. ती काटवट पुढं बाईसोबत सासरी औशाला आली. एका बाजूनं झिजून इतकी पातळ झाली होती की उजेडात धरली तर कड दिसायची.

लग्न झालं, पाच लेकरं झाली, आजोबा आडतीवर मुनीम. शेत नाही. हे सगळं चारचौघींसारखंच.

बहात्तरच्या दुष्काळाबद्दल मात्र मला नीट सांगायचंय, कारण त्याबद्दल जे लिहिलं जातं त्यात खडी फोडणारे हात असतात, सुकडी असते, पाझर तलाव असतात, आणि चुलीजवळ काय चाललं होतं ते नसतं. आडतीवर मालच येईना, तेव्हा आजोबांचा पगार निम्म्यावर आला. रेशनवर मिलो मिळायची, अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. त्या पिठाला विरी, म्हणजे चिकटपणा, नाही. थापायला घेतली की भाकरी चिरायची, उचलली की तुटायची. बाई आधण उकळवून पिठात ओतायची, उलथण्यानं हलवायची, झाकून ठेवायची आणि हाताला सोसंल एवढं गार होण्याआधीच मळायला घ्यायची. तळहात लाल व्हायचे. मग कुठं भाकरी एकसंध उतरायची. गल्लीतल्या बायका ते बघायला यायच्या आणि शिकून जायच्या. घरात चांगली ज्वारी दोनेक पायल्या उरली होती, ती धान्य साठवायच्या बळदाच्या कोपऱ्यात वेगळी बांधून ठेवलेली. दात नसलेल्या सासूसाठी आणि शेजारच्या बाळंतिणीसाठी. स्वतःच्या लेकरांनाही त्यातलं दिलं नाही. माझे वडील अजूनही सांगतात, आम्हाला तेव्हा राग यायचा.

आणि त्याच वर्षी गल्लीतल्या ज्या बाया खडी फोडायच्या कामावर जायच्या त्यांची सहा-सात लेकरं दिवसभर बाईच्या ओसरीवर. त्यांना पाणी पाजणं, झोपवणं, कुणाला हगवण लागली तर पेज करून घालणं. खडी फोडणाऱ्यांची नोंद हजेरीपटावर झाली, आणि व्हायलाच हवी होती. पण ती लेकरं सांभाळणारं कुणी नसतं तर त्या माया कामावर गेल्या असत्या का?

३० सप्टेंबर १९९३ ची, किल्लारीच्या भूकंपाची पहाट मला स्वतःला आठवते, मी लहान होते. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं. सगळ्यांना ओढून अंगणात काढलं ते बाईनंच. उजाडल्यावर किल्लारीकडच्या बातम्या यायला लागल्या आणि तिनं काही न बोलता तीन दगडांची चूल अंगणातच मांडली. माळवदाखाली, त्या मातीच्या जड छताखाली, जायची कुणाची छाती होत नव्हती. दोन दिवस ती आणि गल्लीतल्या बाया भाकरी करून देत होत्या, पोरं गठुडी बांधून जीपनं तिकडं नेत होती.

मी एकदा बसून हिशोब केला. रोजच्या वीस भाकरी धरल्या, साठ वर्षं धरली, सणावाराच्या पोळ्या सोडल्या, तरी चार लाखांच्या वर जातात. पाण्याच्या घागरी मोजायची माझी हिंमत झाली नाही. २०१६ ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं तेव्हा सगळा देश हळहळला. बाईला त्याचं नवल नव्हतं. भांडी राखेनं कोरडी घासायची, मग एकाच तांब्यात विसळायची, ते पाणी तुळशीला. तिचं सगळं आयुष्य असंच गेलं होतं.

केंद्र सरकारनं २०१९ मध्ये माणसं दिवसाचा वेळ कशात घालवतात याची पाहणी केली. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात रोजचे सरासरी २९९ मिनिटं भरले, पुरुषांचे ९७. म्हणजे सरकारलाही हे ठाऊक आहे. तरी जनगणनेत फक्त घरकाम करणारी बाई 'काम न करणाऱ्यां'तच मोजली जाते. आता २०२७ ची जनगणना आहे. तुमच्या दारात माणूस येईल तेव्हा "ती काही करत नाही, घरीच असते" हे वाक्य तरी कृपा करून बोलू नका. रकान्यात काय बसतं ते त्यांचं ते बघतील. आपल्या तोंडून ते निघू नये, एवढंच माझं म्हणणं आहे. घरातली लेकरं तिथंच उभी असतात, ऐकत असतात.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, शेत असलेली तीन-चार घरं बाईला आधीच सांगून ठेवायची. आंबील तिच्याच हातची हवी, भज्जीत चुक्याची आंबट भाजी किती घालायची ते तिनंच सांगावं. नव्या बिंदग्यात आंबील घालून, तोंडाला फडकं बांधून ती गाडीत बसायची. दुसऱ्याच्या शेतावर जेवायला जायची, पण तिथं पाहुणी कधीच नसायची. पहिला घास काळ्या आईला, मग गड्यांना, मग लेकरांना, आणि शेवटी कोपीच्या सावलीला बसून स्वतः.

शेवटचा आठवडाभर तिला भान नव्हतं. डोळे मिटलेले, पण हात चालू. डावा हात उताणा, उजवा पांघरुणावर हळूहळू थापत गोल फिरायचा, मग थांबायचा, मग परत सुरू. आम्हाला आधी कळेना. आईला कळलं. तिनं वाकून विचारलं, "काय करायलाव, बाई?"

"दोन-तीनच राह्यल्यात," बाई म्हणाली. "तुमी बसा जेवायला."