डॉक्टर अ‍ॅफ्राला सुधारू नका

इरसाल नायिका रंगवणे सोपे असते, असा बऱ्याच लेखकांचा समज दिसतो. चार टोमणे, दोन पिस्तुले, एक कर्जबाजारी अंतराळयान आणि कोणाचाही विश्वासघात करण्याची तयारी एवढे साहित्य जमले की पहिले तीन अंक आपोआप पळतात. चौथ्या अंकात मात्र लेखकाचा धीर सुटतो आणि बाईंचे बालपण किती दुःखाचे होते, त्या चोरलेले पैसे गुपचूप कोणाला पाठवतात, हे वाचकाला कळवण्यात येते. थोडक्यात, बाई मुळात चांगल्याच होत्या. गेले काही दिवस मी ‘डॉक्टर अ‍ॅफ्रा’ ही स्टार वॉर्स विश्वातली मार्व्हलची कॉमिक्स मालिका पुन्हा सलग वाचली आणि हा मोह तिथे किती काळ आवरला गेला आहे, हे पाहून तिच्याबद्दलचा आदर वाढला. (पुढे कथानकातील बरेच काही उघड केले आहे, ज्यांना वाचायचे आहे त्यांनी इथेच थांबावे.)

चेली अ‍ॅफ्रा पहिल्यांदा अवतरली ती 2015 साली, ‘डार्थ वेडर’ या, स्टार वॉर्समधल्या जुलमी साम्राज्याच्या क्रूर सरदारावरच्या मालिकेच्या तिसऱ्या अंकात. लेखक कीरन गिलेन आणि चित्रकार साल्वाडोर लारोका यांनी तिला पुरातत्त्वज्ञ केले, आणि या निवडीतच अर्धी बाजी मारली. जुन्या वस्तू उकरून त्या अभ्यासासाठी जपणाऱ्या साहसी नायकाचा साचा सर्वांच्या परिचयाचा आहे. अ‍ॅफ्रा तो साचा उलटा करते. तिला सापडते ते बहुधा शस्त्र असते, आणि शस्त्राची जागा काचेच्या पेटीत नसून ते चालवणाऱ्याच्या हातात आहे, असे तिचे प्रामाणिक मत असते. तिची डॉक्टरेटही सरळ मार्गाने आलेली नाही. तिचे दोन यंत्रमानव तर तिच्या विद्वत्तेवरचे भाष्यच म्हणावे लागेल. ट्रिपल-झिरो हा अदबीने बोलणारा दुभाषी असून त्याला छळ करण्याची मनापासून आवड आहे. बीटी-1 हा चाकांवर फिरणारा शस्त्रसाठा आहे. धोकादायक म्हणून बंदिस्त ठेवलेल्या गोष्टी ती केवळ कुतूहलापोटी सुरू करते, आणि त्याचे परिणाम इतरांना भोगावे लागतात.

वेडरशी असलेल्या तिच्या नात्यावर थोडे सविस्तर लिहायला हवे. त्याच्यासाठी काम करताना आपला शेवट कसा होणार, हे तिला सुरुवातीपासून स्पष्ट दिसत असते. म्हणून ती त्याला एक विनंती करून ठेवते: वेळ येईल तेव्हा लाइटसेबरने, म्हणजे त्याच्या प्रकाशाच्या पात्याच्या तलवारीने, झटक्यात संपवावे, अंतराळाच्या पोकळीत फेकून देऊ नये, कारण त्या मरणाची तिला सर्वांत जास्त भीती वाटते. 2016 साली त्या मालिकेच्या शेवटच्या, पंचविसाव्या अंकात वेडर तिला नेमके तेच मरण देतो, यानाच्या दारातून बाहेर ढकलून. आणि ती वाचते, कारण हा माणूस आपल्याला सर्वांत क्रूर मरणच देईल हे गृहीत धरून तिने सुटकेची तजवीज आधीच केलेली असते. मग प्रश्न उरतो की ती मूळची विनंती खरी होती की गळ? चित्रे पुन्हा पुन्हा पाहूनही मला निर्णय करता आलेला नाही. भीती खरी असू शकते आणि तीच भीती तिने भांडवल म्हणून गुंतवलेली असू शकते. या पात्राच्या बाबतीत दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात नांदतात.

त्याच वर्षी तिची स्वतंत्र मालिका सुरू झाली आणि 40 अंक चालली. गिलेन यांच्यानंतर सायमन स्पुरियर यांनी सूत्रे घेतली, आणि माझ्या मते अ‍ॅफ्रा खऱ्या अर्थाने उभी राहिली ती त्यांच्याच हातून. तिच्या मागावर असलेली साम्राज्याची अधिकारी मॅग्ना टोल्व्हान तिच्या प्रेमात पडते आणि अ‍ॅफ्राही, तिच्या परीने, पडते. इतर कोणत्याही मालिकेत इथून सुधारणेचा रस्ता लागला असता. इथे अ‍ॅफ्रा वेडरच्या नजरेतून सुटण्यासाठी टोल्व्हानच्या मनात एक खोटी आठवण पेरते: टोल्व्हाननेच आपल्याला ठार मारले, अशी. त्यात दोघींचाही जीव वाचतो हे खरे. पण जिच्यावर आपले प्रेम आहे तिला आपल्या खुनाचे ओझे देऊन निघून जाणे, याला लबाडी म्हणायचे की त्याग, हे लेखक सांगत नाही.

स्टार वॉर्समधला तस्कर हान सोलो याच्याशी तिची तुलना नेहमी होते, म्हणून एवढेच म्हणतो की 1977 सालच्या पहिल्या स्टार वॉर्स चित्रपटात तो पैसे घेऊन निघतो आणि शेवटच्या लढाईत परत येतो, म्हणजे त्याचा हिशेब एका चित्रपटात चुकता होतो. महिन्या-महिन्याने येणाऱ्या मालिकेला ती सोय नसते. नायिका सुधारली तर मालिका संपते आणि अजिबात बदलली नाही तर वाचक कंटाळतो. स्पुरियर यांनी काढलेला मार्ग असा की अ‍ॅफ्राला आपण काय करतो आहोत याची जाणीव वाढत जाते, वागणूक मात्र जवळपास तशीच राहते.

2020 ते 2024 या काळात अ‍ॅलिसा वाँग यांनी लिहिलेल्या दुसऱ्या मालिकेबद्दल माझी तक्रार इथेच आहे. तीही 40 अंकांची आहे आणि सॅना स्टारोस या जुन्या प्रेयसीचे पात्र तिथे फार छान फुलले आहे. परंतु मधल्या प्रदीर्घ भागात ‘स्पार्क इटर्नल’ नावाची प्राचीन शक्ती अ‍ॅफ्राच्या शरीराचा ताबा घेते, आणि तिच्या हातून जे घडते त्याची जबाबदारी अलगद दुसऱ्याच्या खात्यावर जाते. अंगात आलेल्या बाईवर कोण रागावणार? मला मात्र तिच्यावर रागावता यायला हवे होते.

याच 2020 साली सेरा कून यांनी लिहिलेले श्राव्य नाट्यही आले. त्यात वेडरबरोबरच्या दिवसांची हकीकत अ‍ॅफ्रा स्वतःच्या तोंडून सांगते, म्हणजे चित्रांचा साक्षीदारही उरत नाही आणि प्रत्येक वाक्य तिच्याच भरवशावर ऐकावे लागते. त्या विनंतीबद्दलचा माझा संशय तिथेही फिटला नाही.