युद्ध तिकडं, माग बंद इथं

"रशिया-युक्रेन तिकडं लढतात, आपल्याला काय त्याचं?" हे वाक्य पुन्हा कुणी सोलापुरात कन्ना चौकातल्या टपरीवर माझ्यासमोर बोललं, तर हाताला धरून त्याला कारखान्यात नेणार आहे. माझ्या सहा मागांपैकी चार बंद पडलेत. खडखडाटात वाढलेल्या माणसाला ती शांतता कशी खायला उठते, हे आमच्या पूर्व भागात येऊन विचारा!

आम्ही टॉवेल विणतो. एका निर्यातदारामार्फत माल जर्मनीला जायचा. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियानं युक्रेनवर हल्ला केला. जर्मनीनं लढायला सैन्य पाठवलं नाही. शस्त्रं दिली, पैसा दिला, दहा लाखांवर निर्वासितांना आसरा दिला. पण त्या देशाचा निम्म्याहून जास्त गॅस रशियातूनच यायचा! ऑगस्टअखेर नॉर्ड स्ट्रीम या समुद्राखालच्या पाइपलाइनमधून येणारा गॅस थांबला. घर गरम ठेवायचं बिल भरताना लोकांच्या तोंडाला फेस आला. महागाई आठ टक्क्यांच्या वर गेली आणि सरकारला २०० अब्ज युरोंची योजना आणावी लागली. अशा वेळी नवा टॉवेल कोण घेतो? जुनाच धुऊन वापरतात. आमची ऑर्डर आधी निम्मी झाली, मग "पुढच्या हंगामात बघू" वर आली. त्याच वर्षी इथं कापूस खंडीला लाखावर गेला, सूत महागलं. ते दुखणं वेगळं, पण बसलं एकाच पाठीवर.

मदत केली हे चुकलं, असं मी म्हणत नाही. ज्याच्या घरावर हल्ला झाला, त्याच्या मागं उभं राहायलाच पाहिजे. माझा संताप वेगळाच आहे. या मदतीचा भार कुणी उचलायचा, हे तिथल्या पुढाऱ्यांनी पहिल्याच दिवशी लोकांना का सांगितलं नाही? पैसा कुठून आणायचा, कर्ज काढायचं की नाही, यावर आपसात भांडत बसले. नोव्हेंबर २०२४ मध्ये चॅन्सेलर, म्हणजे तिथले सरकारप्रमुख, शोल्झ यांनी अर्थमंत्री लिंडनर यांना काढलं आणि सरकार कोसळलं. फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत युक्रेनला शस्त्रं देऊ नका म्हणणारा एएफडी हा कडवा उजवा पक्ष वीस टक्क्यांवर मतं घेऊन दुसरा आला. बिलानं पिचलेला माणूस दुसरं काय करणार?

आणि आमचे टीव्हीवाले! क्रिकेटची मॅच असल्यासारखे नकाशावर बाण फिरवतात. कुणाचे किती रणगाडे फुटले, ते रोज सांगतात. त्या युद्धानं किती माग थांबले, हे एकदा तरी सांगा ना!

बँकेचा हप्ता थांबत नाही. विजेचं बिल थांबत नाही.

काल एक कामगार दारात उभा होता. पंचवीस वर्षं माझ्याकडं आहे. बायको विड्या वळते, सध्या घर तिच्यावरच चाललंय. हळूच म्हणाला, "मालक, सोमवारी येऊ का?" मला त्याच्याकडं बघवेना. म्हटलं, फोन करतो.