काका झोपून जिंकले

आमच्या सोसायटीची फिटनेस स्पर्धा तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी जिंकली. रोज पहाटे टेकडी चढणाऱ्या मला प्रोत्साहनपर पाण्याची बाटली मिळाली. तीही गळकी. निकष एकच होता, मनगटावरचं घड्याळ दाखवेल तेवढ्या कॅलरी. पावलं मोजत नाहीत, कारण मागे कुणाच्या तरी चिरंजीवांनी पावलं मोजणारा पट्टा कुत्र्याच्या गळ्यात अडकवला होता आणि कुत्रा उपविजेता ठरला होता. त्याचा मला राग नाही. तो निदान धावला तरी होता.

काकांना पार्किंगमध्ये गाठलं.

"काका, तुम्ही कधी फिरायला जाताना दिसला नाहीत."

"मी कशाला जातोय? गुडघे बघ माझे."

"मग एवढ्या कॅलरी जाळल्या कशा?"

"शवासन," काका म्हणाले. "सोफ्यावरचं. घड्याळात ‘इतर व्यायाम’ लावायचा, टीव्हीवर नऊची चर्चा लावायची आणि आडवं व्हायचं. ही मध्येच कडक चहा आणून देते. अँकर ओरडायला लागला की नाडी नव्वद. आमच्या पक्षातून फुटलेला तो माणूस बोलायला लागला की शंभर!"

"अहो, पण तो रागाचा आकडा झाला. व्यायामाचा नव्हे."

"राग मलाच आला ना? की माझ्या वतीने वॉचमनला आला?"

"स्नायू हलले नाहीत तर जादा ऑक्सिजन लागत नाही, काका. नुसते ठोके वाढले म्हणून..."

"हे बघ, घड्याळ हिरवा दिवा लावून आत डोकावतं. तू बाहेरून बोलतोयस. कुणाचं खरं धरायचं?"

यावर काय बोलणार? पार्किंगमधल्या दोन काकवांनी माना डोलावल्या. त्यातली एक माझी सख्खी मावशी.

दिवा खरंच आत डोकावतो. रक्त हिरवा प्रकाश शोषतं, प्रत्येक ठोक्याला तो किती शोषला गेला यावरून नाडी कळते. ती बऱ्यापैकी बरोबरही असते. स्टॅनफर्डमध्ये 2017 साली 60 जणांच्या मनगटांवर सात यंत्रं बांधून पाहिली, तेव्हा सातपैकी सहांची नाडीतली चूक पाच टक्क्यांच्या आत होती. कॅलरीत मात्र सगळी नापास. त्यातल्या सर्वांत हुशार यंत्राचीही चूक सरासरी 27 टक्के, सर्वांत ढ यंत्राची 93!

गोम अशी, की कॅलरी जळतात ऑक्सिजनवर, आणि ठोके आणि ऑक्सिजन यांची जोडी जमते ती माणूस घाम गाळत असताना. आडवा पडल्यावर दोघं फारकत घेतात. चहा, उकाडा, चिडचिड, कशानेही ठोके चढतात, भट्टी आपली मंदच. नाडीवरून कॅलरी काढायचं 2005 सालचं एक सूत्र आहे, ट्रेडमिल आणि सायकलवर राबणाऱ्यांवरून बेतलेलं. त्यात मी काकांना घातलं: वय 66, वजन 80 किलो, ठोके 90. तासाला 440च्या आसपास! खरं तर एवढा माणूस स्वस्थ पडून तासाला जेमतेम 65 जाळतो. काकांच्या घड्याळात कुठलं सूत्र आहे ते कंपनी सांगत नाही, पण वळण तेच दिसतंय.

आणि माझं काय? टेकडीवर हात हलतो, पट्टा सरकतो, बाहेरचा उजेड आत शिरतो, ठोके गाळले जातात. म्हणजे जो निपचित पडून राहतो त्याची नाडी सर्वांत नीट मोजायची आणि तिच्यावरून सर्वांत चुकीचा हिशेब करायचा. अरे, मग डॉक्टरांकडे ती तोंडावर मुखवटा लावून श्वास मोजायची यंत्रं असतात कशाला? ती सोसायटीला परवडत नाहीत हे मान्य. पण तीनशे रुपये प्रवेश फी घेताना कुणाचा हात थरथरला नव्हता.

हे सगळं लिहून काढून मी सेक्रेटरींकडे गेलो. कागद त्यांनी वाचला नाही. माझं मनगट धरून घड्याळात पाहिलं.

"एकशे बारा झालेत हो तुमचे! व्यायाम चालू केलाय ना?"

"नाही."

"मग असेच हरता तुम्ही," असं म्हणून त्यांनी पुढच्या वर्षीची नियमावली माझ्या हातात ठेवली. परीक्षक म्हणून काकांचं नाव छापून तयार होतं.