सहा तासांचा तर प्रश्न आहे

मुंबई-न्यूयॉर्क थेट विमानातली कडेची जागा मी वेगळे पैसे भरून राखून ठेवली होती, हे आधीच नोंदवून ठेवतो. मधल्या जागेवर एक निवृत्त गृहस्थ होते आणि खिडकीशी त्यांच्या सौभाग्यवती. ‘गुडघ्याचा त्रास आहे हो, तुम्ही मध्ये याल का? सहा तासांचा तर प्रश्न आहे,’ असे म्हणत ते उठून उभेही राहिले.

‘सहा नाही, साडेपंधरा,’ मी म्हणालो.

त्यांनी खिशातून चार घड्या घातलेला तिकिटाचा कागद काढला आणि त्यावर बोट ठेवून माझी शिकवणी सुरू केली. ‘निघणार रात्री दीड. पोहोचणार सकाळी साडेसात. किती झाले?’ उन्हाळ्यात तिथली घड्याळे आपल्या साडेनऊ तास मागे असतात, असे मी सांगताच ‘घड्याळाचा विमानाशी काय संबंध?’ असा प्रतिप्रश्न आला. अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे, ते सहा तासांत कापायचे तर ताशी दोन हजारांहून अधिक वेग लागेल, तसा वेग कॉन्कॉर्डला होता आणि तिची सेवा २००३ सालीच बंद झाली, हेही मी सांगून पाहिले. एव्हाना मागे खोळंबलेली रांग माझ्याकडे अशा नजरेने पाहत होती, की जणू दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला उभे ठेवून भूगोल शिकवण्यासाठीच मी विमानात चढलो होतो. मी मध्ये सरकलो.

‘येतानाचे मात्र विचारू नका,’ ते ऐसपैस बसून म्हणाले. ‘सकाळी अकराला निघायचे, ते दुसऱ्या दिवशी अकराला मुंबई. पूर्ण चोवीस तास! वारा उलटा असतो ना.’ वास्तविक त्या उंचीवरचे वेगवान वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणजे परतताना ते विमानाच्या पाठीशीच असतात आणि प्रवास तासाभराने कमीच होतो. पण मी गप्प राहिलो. जागा तर गेलीच होती.

मध्यरात्री कधीतरी बाईंनी समोरच्या पडद्यावरची रेघ पाहिली. ‘अहो, अमेरिका डावीकडे ना? मग हे वर कुठे चाललंय?’ पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणला तर तो पार आइसलँडच्या अक्षांशापर्यंत वर चढतो, हे सांगायला मी तोंड उघडले, तोच त्यासमोरून शंकरपाळ्यांचा डबा खिडकीकडे गेला. मला विचारले नाही असे नाही. विचारले, पण डबा परत येताना, तळाशी चुरा उरल्यावर.

त्यानंतर ते गृहस्थ जे झोपले ते गुडघ्यासकट झोपले. उठावे लागले ते मला, तीनदा, आणि तिसऱ्या वेळी त्यांनी डोळे न उघडता ‘पुन्हा?’ एवढेच विचारले.

विमान टेकले तेव्हा त्यांनी पडद्यावरची स्थानिक वेळ मला दाखवली. ‘बघा. साडेसात. सहा तास.’ मग कागदाची पुन्हा चौघडी केली आणि जागा कडेची असल्यामुळे माझ्या आधी उतरून गेले.