प्रोजेक्ट कसा मॅनेज करावा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत तुमचा टॉवेलचा कारखाना आहे, हॉटेलवाल्यांची मोठी ऑर्डर मिळाली आहे आणि यंदा ती 'प्रोजेक्ट' म्हणून राबवायची ठरलं आहे. अभिनंदन! फक्त ऑर्डर आणि प्रोजेक्ट यांची गल्लत करू नका. ऑर्डर पुरी करावी लागते. प्रोजेक्ट नुसता मॅनेज केला तरी भागतं.

आधी तारीख जाहीर करा, काम किती आहे ते नंतर बघता येईल. गिऱ्हाईक "जानेवारीअखेर चालेल" म्हणालं तरी तुम्ही छाती पुढे काढून १५ जानेवारी सांगा. त्या दिवसांत ग्रामदैवत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते, भोगीला अक्षता सोहळा असतो, नंदीध्वजांच्या मिरवणुकीला अख्खं गाव लोटतं, हे पुण्याहून आणलेल्या सल्लागाराच्या कानावर घालू नका. त्याच्या एक्सेलमध्ये संक्रांतीलाही सगळे माग तिन्ही पाळ्यांत खडखडत असतात. बघून बरं वाटतं.

मग गँट चार्ट, म्हणजे कुठलं काम कधी सुरू होऊन कधी संपणार हे आडव्या पट्ट्यांनी दाखवणारा तक्ता, छापून घ्या, रंगीत, केबिनच्या भिंतीएवढा. हेन्री गँट १९१९ सालीच वारला, त्यामुळे त्याच्या तक्त्याचं पुढे काय झालं हे बघायची वेळ बिचाऱ्यावर आली नाही.

'क्रिटिकल पाथ' हा शब्दही मिटिंगमध्ये दोनतीनदा यायला हवा. १९५७ च्या सुमारास ड्यू पाँट कंपनीत ही पद्धत आकाराला आली. ज्या कामांना एक दिवस उशीर झाला की शेवटची तारीखच एक दिवस पुढे जाते, अशा कामांची ती साखळी. आता टेरी टॉवेलच्या मागाला दोन बीम, म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळलेले मोठे रूळ, लागतात, एक तळाच्या विणीचं आणि दुसरं वरच्या फुगीर फासांचं, म्हणजे पाइलचं. एक आलं आणि दुसरं आलं नाही, तर माग उभा. कुठलं बीम कुठे अडकलंय, सूत रंगाईतून सुटलंय की नाही, हे शेडमधल्या मागांवर देखरेख करणाऱ्या जॉबरला तोंडपाठ असतं. म्हणून त्याला मिटिंगला बोलवायचं नाही. तरीही तो हात पुसत दारात येऊन उभा राहतोच.

"साहेब, पाइलचं बीम आलं नाही अजून."

"बरं, बघतो. तुम्ही व्हा पुढे."

इतिवृत्तात लिहा : बीमसंदर्भात सकारात्मक चर्चा झाली.

जोखमींची यादीही हवी. त्यात भूकंप, महायुद्ध, महासाथ असं भारदस्त काहीतरी असू द्या. वीज जाते, सुताचा भाव चढतो, रंगाची छटा जुळत नाही, असल्या रोजच्या गोष्टी लिहिल्या तर उपायही लिहावे लागतात.

मध्येच गिऱ्हाईक म्हणेल, काठावर आमचं बोधचिन्ह विणून द्या. लगेच "होऊन जाईल" म्हणा. जकार्डचं, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेचं, डिझाइन बदलावं लागेल, त्याला दिवस लागतील, पैसे लागतील, असलं रडगाणं सोलापूरच्या कारखानदाराला शोभत नाही. तारीख तीच, दर तोच. काम कुठवर आलं, असं विचारलं की "९० टक्के झालं" सांगायचं. हा आकडा पहिल्या आठवड्यापासून शेवटपर्यंत चालतो.

शेवटी तारीख अंगावर आली की माणसं वाढवा. नवा विणकर जुन्याशेजारी उभा राहून शिकतो, शिकवताना जुन्याचाही माग थांबतो, पण हजेरीपट कसा भरगच्च दिसतो!

माल उशिरा गेला, त्यातला काही परतही आला, तरी हिरमुसू नका. प्रोजेक्ट यशस्वी झाल्याचा समारंभ ठेवा, सल्लागाराला पुण्याहून बोलवा, सत्कार करा. शाल-श्रीफळावर उगाच खर्च नको. परत आलेले गठ्ठे गोदामात पडलेत, त्यातले चांगलेसे टॉवेल निवडा. छटा जुळली नाही तरी फोटोत कळत नाही.