नववा महिना आणि ‘असं होतंच’

नवव्या महिन्यात बाईला दोन गोष्टी भरपूर मिळतात: सल्ले आणि ‘असं होतंच’. सल्ल्यांचं ठीक आहे, या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देता येतात. ‘असं होतंच’ मात्र डोक्यात जातं. रात्री झोप लागत नाही? होतंच. छातीत जळजळतं? होतंच. चालताना जांघेत वीज गेल्यासारखी कळ येते? अगं होतंच, आम्हालाही झालं. म्हणजे तक्रार खरी आहे हे मान्य, फक्त ती करायची नाही.

होतंच, हे मलाही माहितीये. का होतं तेही वाचून झालंय, रात्री दुसरं काय करणार? गर्भाशय वाढत वर येतं तसा छाती आणि पोट यांच्यामधला पडदा सुमारे 4 सेंटिमीटर वर सरकतो, त्यात चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागते. प्रोजेस्टेरॉन या हार्मोनमुळे अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचा स्नायू सैल पडतो आणि जेवून आडवं झालं की आंबट पाणी घशाशी येतं. अंगातलं रक्त एरवीपेक्षा 40 ते 50 टक्क्यांनी वाढलेलं असतं, त्यामुळे मी नुसती बसलेली दिसले तरी माझं हृदय ओव्हरटाइम करत असतं. ‘दिवसभर बसूनच तर असतेस’ म्हणणाऱ्यांसाठी ही माहिती.

पण कारण कळलं म्हणून कूस बदलणं सोपं होत नाही. आधी दोन्ही गुडघे एकमेकांना चिकटवायचे, कारण पाय जरा फाकले की ओटीपोटाखाली, जिथे हाडं जुळतात तिथे, जीव जातो. गुडघ्यांमधली उशी सुटू द्यायची नाही. मग कोपरावर जोर देऊन अर्धवट उठायचं, पोटाखाली हात घालून आधी पोट पलीकडे न्यायचं, आणि मागोमाग आपण जायचं. एवढ्यात बाळ जागं होतं आणि बरगडीखाली टाच रोवतं. सगळं स्थिरस्थावर झालं, डोळा लागायला आला, की लघवीला लागते. जाऊन यायचं, दोन थेंब होतात, आणि पुन्हा पहिल्यापासून.

त्यात ‘पाठीवर झोपू नकोस हं’ हे प्रत्येक जण बजावतो. सल्ला बरोबर आहे. उताणं झोपलं की गर्भाशयाचा भार पोटातून हृदयाकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेवर पडतो, म्हणून शेवटच्या तीन महिन्यांत कुशीवर झोपायला सांगतात. पण रात्री जाग आली आणि आपण पाठीवर आहोत असं दिसलं तर घाबरायचं नाही, गुपचूप कुशीवर वळायचं, हे पुढचं वाक्य कोणी सांगत नाही. घाबरवून मोकळे होतात.

आणि पोटाचं माप! एकाच दिवशी एकीने विचारलं, ‘केवढं मोठं, जुळी आहेत का?’ आणि दुसरीने, ‘एवढंसंच? खातेस ना नीट?’ डॉक्टर टेप लावतात, ओटीपोटाच्या हाडापासून गर्भाशयाच्या वरच्या टोकापर्यंत. ते सेंटिमीटर साधारण आठवड्यांच्या आकड्याच्या आसपास आले की झालं. पोट बाहेरून कसं दिसतं ते उंचीवर, पोटाच्या स्नायूंवर, बाळ कसं बसलंय यावरही ठरतं. त्यावरून मुलगा की मुलगी ओळखणाऱ्यांबद्दल मी बोलतच नाही. न विचारता पोटावर हात ठेवणाऱ्यांना मात्र आता सरळ सांगते, ‘हात काढा.’ चेहरे पडतात. पडू देत.

पण माझा खरा राग चेष्टेवर नाही, ‘होतंच’वर आहे, आणि तो नुसता मन दुखावलं म्हणून नाही. माझ्या एका मैत्रिणीला शेवटच्या आठवड्यांत बाळाची हालचाल कमी वाटली. घरच्या अनुभवी बायकांनी समजूत काढली, ‘आता आत जागा उरत नाही ना, कमीच हलतं, होतंच असं.’ हे साफ चूक आहे. हालचालीची तऱ्हा बदलू शकते, लाथेऐवजी सरकल्यासारखं वाटतं, पण शेवटपर्यंत हालचाल कमी व्हायला नको. कमी वाटली तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांना कळवायचं. तिने कळवलं, तपासलं, बाळ छान होतं. तर ती डॉक्टरांची माफी मागायला लागली, उगाच त्रास दिला म्हणून! डॉक्टर म्हणाल्या, ‘रात्री पुन्हा तसं वाटलं तर रात्री पुन्हा या.’

सूज पण तशीच. संध्याकाळी पाय सुजतात, चपला चढत नाहीत, हे नेहमीचं. पण तोंड आणि हात अचानक सुजले, डोकं थांबता थांबेना, डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले, तर रक्तदाब लगेच तपासून घ्यायचा असतो. पोटावरची कातडी ताणून खाज येते ते ठीक. तळहात-तळपाय रात्री खाजून झोप मोडत असेल तर यकृताची तपासणी करतात. पण बाईला सगळ्यावर एकच उत्तर मिळत राहिलं, की ती हळूहळू सांगायचंच सोडते.

खोट्या कळांचंही असंच. पोट दगडासारखं घट्ट होतं, मिनिटाभरात सैल पडतं, जरा पडून राहिलं की थांबतं. खऱ्या कळा थांबत नाहीत, त्यांच्यातलं अंतर कमी होत जातं आणि जोर वाढत जातो. या खोट्या कळांना नाव कोणाचं, तर जॉन ब्रॅक्स्टन हिक्स या इंग्रज डॉक्टरांचं, कारण त्यांनी 1872 मध्ये त्यांचं वर्णन केलं. तोवर बायका काय सांगत होत्या आणि त्यांना काय उत्तर मिळत होतं, त्याचा अंदाज मला आहे.

आता राहिली तारीख. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून 280 दिवस मोजून ती काढतात. नेमकी त्या दिवशी 20 पैकी साधारण एकच बाळ येतं, बाकीची बहुतेक 37 ते 42 आठवड्यांत त्यांना वाटेल तेव्हा. तरी लोक ती कॅलेंडरवर खूण करून ठेवतात आणि ‘काही झालं का?’ विचारतात. झालं तर मी लपवून ठेवणार आहे का? बाळ झाल्यावर कळेलच सगळ्यांना. तोपर्यंत फोन जरूर करा, पण दुसरं काहीतरी बोला. ऑफिसातली भांडणं चालतील, कोणाचं कोणाशी जमलं तेही चालेल. रात्री तीनलाही मी जागीच असते.